कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन वेगळे करणारी ब्लेंड पटले : निवडकता सरासरीवरच येत असेल, तर दोन पॉलिमर मिसळायचे कशासाठी?

पातळ_थर यांचा प्रश्न

मी रासायनिक अभियांत्रिकीत पीएच.डी. करते आहे आणि सध्या दुसरे वर्ष चालू आहे. मॅट्रिमिड ५२१८ हे पॉलिइमाइड आणि पॉलिसल्फोन यांच्या मिश्रणापासून वायू विलगीकरणाची पटले तयार करणे हा माझा विषय. दोन्ही पॉलिमर एनएमपी या विद्रावकात विरघळवून, काचेवर पट्टीने थर ओढून, तो निर्वात भट्टीत १०० अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवते. अशा रीतीने साधारण ५० मायक्रॉन जाडीचे सलग पटल मिळते.

३५ अंश सेल्सिअस आणि ३.५ बार दाबाला, दोन्ही वायू स्वतंत्रपणे सोडून घेतलेली मोजमापे अशी आहेत. निव्वळ मॅट्रिमिडची कार्बन डायऑक्साइडसाठीची पारगम्यता (वायू किती सहज आरपार जातो याचे माप, एकक बॅरर) ९.४ बॅरर आणि मिथेनच्या तुलनेत निवडकता (दोन वायूंच्या पारगम्यतांचे गुणोत्तर) ३४. निव्वळ पॉलिसल्फोनची पारगम्यता ५.५ बॅरर आणि निवडकता २२. आणि वजनाने निम्मे-निम्मे घेतलेल्या ब्लेंडची पारगम्यता ६.१ बॅरर, निवडकता २७. डीएससीमध्ये (नमुना तापवून त्यात शिरणारी उष्णता मोजणारी चाचणी) ब्लेंडचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ताठ पॉलिमर मऊ होऊ लागतो ते तापमान, एकच दिसते, २२१ अंश सेल्सिअस. पटल डोळ्यांना पूर्ण पारदर्शक दिसते.

मागच्या महिन्यात प्रगती-सादरीकरणाच्या वेळी समितीतील एका सरांनी विचारले, की तुमचा बिंदू रॉबसनच्या रेषेच्या (पारगम्यता आणि निवडकता यांची एकत्रित कमाल मर्यादा दाखवणारी रेषा) बराच खाली आहे आणि तोही तुमच्याच दोन पॉलिमरांच्या मधोमध आहे, तेव्हा मिसळून मिळवले काय? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. एकच काचसंक्रमण तापमान मिळाले म्हणजे दोन पॉलिमर रेणूंच्या पातळीवर एकजीव झाले असे ठामपणे म्हणता येते का, ब्लेंडचा खरा लाभ कोणत्या कसोटीवर दिसायला हवा, आणि साखर कारखान्यांच्या बायोगॅस प्रकल्पांत अशा पटलाला काही स्थान आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

जुनी_काचपट्टी यांचे उत्तर

तुमच्या तिन्ही प्रश्नांपैकी दुसरा सर्वांत महत्त्वाचा आहे, परंतु त्याआधी तुमच्या आकड्यांबद्दल एक शंका उपस्थित करतो, कारण ती दूर झाल्याशिवाय पुढची चर्चा भुसभुशीत जमिनीवर उभी राहील.

एकजीव ब्लेंडची पारगम्यता साधारणपणे लॉगरिदमच्या नियमाने काढतात. म्हणजे दोन घटकांच्या पारगम्यतेचे लॉगरिदम त्यांच्या घनफळाच्या प्रमाणात मिळवायचे. मॅट्रिमिड आणि पॉलिसल्फोन या दोघांची घनता १.२४ च्या आसपास असल्यामुळे वजनाचे प्रमाण घनफळाचे म्हणून चालते. निम्मे-निम्मे असेल तर हिशेब अगदी सोपा : ९.४ आणि ५.५ यांचा गुणोत्तरमध्य ७.२ बॅरर. तुम्हाला मिळाले ६.१. निवडकतेचा गुणोत्तरमध्य २७.३ येतो आणि तुमचे २७ त्याला जुळते. निवडकता जागेवर आणि पारगम्यता मात्र पंधरा टक्क्यांनी कमी, हे लक्षण एकदा बाजूला लिहून ठेवा.

आता काचसंक्रमणाचे पाहू. मॅट्रिमिडचे तापमान ३१५ आणि पॉलिसल्फोनचे १८५ अंश सेल्सिअस धरून फॉक्सच्या समीकरणात घातले (केल्व्हिनमध्ये रूपांतर करायला विसरू नका, दरवर्षी कोणीतरी विसरतेच), तर निम्म्या-निम्म्या ब्लेंडसाठी सुमारे २४२ अंश येतात. तुमचे २२१ म्हणजे एकवीस अंशांनी खाली. फॉक्सचे समीकरण काही दगडावरची रेघ नव्हे. घटकांमध्ये विशेष आकर्षण असेल किंवा नसेल त्यानुसार दोन्ही बाजूंना विचलन होते. तरीही ही दोन लक्षणे एकत्र पाहिली, की माझा पहिला संशय उरलेल्या विद्रावकावर जातो. एनएमपी २०२ अंशांना उकळते, आणि इतक्या ताठ साखळ्यांच्या पॉलिमरमधून ते १०० अंशांना चोवीस तासांत पूर्ण निघून जाईल अशी अपेक्षा करणे म्हणजे श्रावणात गच्चीवर पापड वाळत घालण्यासारखे आहे. उरलेले दोन-चार टक्के एनएमपी काचसंक्रमण खाली ओढते आणि त्याच वेळी साखळ्यांमधल्या मोकळ्या जागा अडवून पारगम्यताही घटवते. त्यामुळे डीएससीचे पहिले तापवणे आणि दुसरे तापवणे यांचे आलेख एकावर एक ठेवून पाहा, आणि टीजीएमध्ये १५० ते २५० अंशांच्या पट्ट्यात वजन किती घटते तेही तपासा.

एक काचसंक्रमण तापमान म्हणजे एकजीवपणाचा पुरावा का, याचे उत्तर 'बऱ्याच अंशी' असे आहे. डीएससीला साधारण दहा-वीस नॅनोमीटरच्या आतले विभाजन दिसत नाही. त्याहून मोठे पुंजके असले तर आलेखात दोन काचसंक्रमणांच्या दोन पायऱ्या दिसतात. पारदर्शकतेवर मात्र अजिबात विसंबू नका. दोन्ही पॉलिमरांचे अपवर्तनांक जवळजवळचे असले, तर विभक्त झालेले पटलही काचेसारखे स्वच्छ दिसू शकते. उलट, धुरकट दिसले तर मात्र ते विभक्त झाले आहे किंवा वाळताना त्यात ओलावा शिरला आहे, असे समजायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. समितीतील सरांचा प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचे गृहीतक अपुरे आहे. एकजीव ब्लेंड रॉबसनची रेषा ओलांडण्यासाठी करतच नाहीत. लॉगरिदमचा नियम पाळणारा ब्लेंड त्या लॉग-लॉग आलेखावर दोन मूळ बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच कुठेतरी बसणार. दोन्ही मूळ बिंदू रेषेखाली असले, तर त्यांचे अपत्य रेषेवर उडी मारणार नाही. रॉबसन यांनी १९९१ मध्ये ही सीमा मांडली आणि २००८ मध्ये तिची फेरमांडणी केली. तो आलेख बहुतांशी शुद्ध वायूंच्या, माफक दाबाच्या मोजमापांवर उभा आहे. त्यात दाब वाढवल्यावर पटलाचे काय होते हे दिसत नाही, आणि ब्लेंडची खरी कमाई नेमकी तिथेच असते.

कार्बन डायऑक्साइडचा गतिज व्यास ३.३ अँगस्ट्रॉम, मिथेनचा ३.८. त्यामुळे पहिला वायू पॉलिमरमधून लवकर सरकतो. शिवाय त्याचे क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस, तर मिथेनचे उणे ८२ च्याही खाली; म्हणजे तो सहज द्रवरूपाकडे झुकणारा आहे आणि म्हणून पॉलिमरमध्ये विरघळतोही जास्त. ही विरघळण्याची हौसच पुढे अंगाशी येते. दाब वाढवत गेले की आधी पारगम्यता थोडी घटते, कारण काचस्थितीतल्या पॉलिमरमधल्या गोठलेल्या पोकळ्या भरत जातात; आणि एका टप्प्यानंतर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड साखळ्यांना इतका सैल करतो, की आलेख वळून वर चढू लागतो. यालाच आपण प्लास्टिसायझेशन म्हणतो. मॅट्रिमिडच्या जाड पटलात हे वळण साधारण १२ ते १५ बारच्या दरम्यान येते. सैल झालेल्या जाळीतून मिथेनही घुसू लागतो आणि प्रमाणात पाहिले तर त्याचा लाभ मोठा असतो. निवडकता ढासळते ती यामुळे.

नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या गटाने २००१ मध्ये मॅट्रिमिडमध्ये पॉलिसल्फोन किंवा पी-८४ हे दुसरे पॉलिइमाइड मिसळून दाखवले, की एकजीव ब्लेंडने प्लास्टिसायझेशन आवरता येते. म्हणजे तुमची जोडी नवी नाही, हे प्रबंधात प्रामाणिकपणे लिहावे लागेल. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. पॉलिसल्फोन कार्बन डायऑक्साइडखाली कमी सैलावते आणि ते मॅट्रिमिडपेक्षा पुष्कळ स्वस्तही आहे. कमी दाबावरची थोडी निवडकता देऊन तुम्ही जास्त दाबावरची स्थिरता विकत घेता. हा सौदा फायद्याचा ठरतो की नाही, हे ३.५ बारला आणि शुद्ध वायूला विचारून कळणारच नाही. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे उदाहरण पाहा. शुद्ध वायूंच्या चाचणीत त्याची निवडकता ३० च्या जवळ भरते आणि नैसर्गिक वायूच्या प्रत्यक्ष प्रकल्पात उच्च दाबाखाली ती १२ ते १५ वर येते. तरीही १९८० च्या दशकापासून हाच पदार्थ या धंद्यात टिकून आहे, कारण त्याचे वागणे अभियंत्यांना आधी माहीत असते. पाकिस्तानातील कादिरपूरचा प्रकल्प त्याच पटलांवर उभा राहिला. तिथे सुमारे ५९ बार दाबाच्या वायूतला कार्बन डायऑक्साइड ६.५ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या खाली आणायचा होता.

जाता जाता मोजमापाबद्दल एक सूचना. मिथेन मोजताना घाई करू नका. विलंबकाल (वायूला पटल ओलांडून पलीकडे पोहोचू लागायला लागणारा वेळ) म्हणजे जाडीचा वर्ग भागिले सहापट विसरणांक (वायू पटलात किती वेगाने पसरतो याचे माप). ५० मायक्रॉनच्या पटलात कार्बन डायऑक्साइडचा विसरणांक सेकंदाला १० चा उणे आठवा घात चौरस सेंटिमीटर धरला, तर विलंबकाल सात मिनिटे येतो; मिथेनचा विसरणांक त्याच्या दहाव्या हिश्शाइतका असेल, तर सत्तर मिनिटे. स्थिर अवस्था गाठण्यासाठी निदान चार-पाच विलंबकाल थांबावे लागते, म्हणजे मिथेनचा एक बिंदू हे पाऊण दिवसाचे काम आहे. दुपारच्या चहाआधी आटोपलेली मिथेनची पारगम्यता जवळजवळ नेहमी खऱ्यापेक्षा कमी असते आणि मग निवडकता फुगलेली दिसते.

---

गाळप_हंगाम यांचे उत्तर

ताई, मी साखर कारखान्याला जोडलेल्या बायोगॅस प्रकल्पात देखभाल विभागात काम करतो. वरचे उत्तर वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. मला पॉलिमरचे फारसे कळत नाही, परंतु तुमचे पटल आमच्या दारात आले तर त्याला कशाशी सामना करावा लागेल ते सांगू शकतो.

प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) निघणाऱ्या कच्च्या वायूत मिथेन ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. आयएस १६०८७ : २०१६ या मानकानुसार विकायच्या वायूत मिथेन किमान ९० टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त ४ टक्के असावा लागतो. आपल्याकडचे बहुतेक कारखाने रस शुद्ध करण्यासाठी गंधकाचा धूर वापरतात, त्यामुळे प्रेसमडमध्ये गंधक येते आणि वायूत हायड्रोजन सल्फाइड हजारो पीपीएमपर्यंत जातो. तो आधी काढावाच लागतो. त्यानंतर वायू थंड करून पाणी काढायचे, कॉम्प्रेसरने १० ते १६ बारपर्यंत दाबायचा, तेल गाळायचे, कोळशाच्या थरातून न्यायचा, थोडा गरम करायचा आणि मग पटलावर सोडायचा. म्हणजे कादिरपूरचे ५९ बार आमच्याकडे कधीच नसतात. आमचा कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब चार-सव्वासात बारच्या पुढे जात नाही, तेव्हा प्लास्टिसायझेशनविरुद्धची ताकद हा तुमच्या ब्लेंडचा मुख्य गुण असेल, तर आमच्यासाठी त्याची तितकी निकड नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दुसरी गोष्ट दाबाच्या गुणोत्तराची, जी आम्ही प्रकल्प चालवताना ठेचा खाऊन शिकलो. समजा पटलाच्या अलीकडे १० बार आणि पलीकडे १ बार आहे. पटलाचे तंतू भरलेल्या नळीच्या शेवटाकडे अलीकडच्या वायूत कार्बन डायऑक्साइड फक्त ३ टक्के उरतो, म्हणजे त्याचा आंशिक दाब ०.३ बार. पलीकडे त्याचा आंशिक दाब याहून जास्त होऊच शकत नाही, कारण मग तो उलटा येईल. म्हणजे त्या टोकाला पलीकडे जाणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड फार तर ३० टक्के आणि मिथेन ७० टक्के! पटलाची निवडकता ३० असो की ३००, हा आकडा बदलत नाही. एकाच टप्प्यात काम उरकायला गेले, तर आपला विकाऊ वायू हवेत जातो, आणि मिथेन हवेत सोडणे पर्यावरणाच्या दृष्टीनेही वाईटच. म्हणूनच अशा प्रकल्पांत तीन टप्प्यांची मांडणी वापरतात. पहिल्या टप्प्यात अलीकडे उरलेला वायू दुसऱ्यात जातो आणि तिथून विक्रीचा माल निघतो. पहिल्याच्या पलीकडचा वायू तिसऱ्यात जातो आणि तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडला जातो. दुसऱ्याच्या पलीकडचा आणि तिसऱ्यात अलीकडे उरलेला वायू पुन्हा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी येतो. तुमच्या पटलाची निवडकता ३४ वरून २७ झाली, तर हा परत येणारा वायू वाढतो आणि त्याचा भार विजेच्या बिलात दिसतो. समितीला हा हिशेब दाखवा.

तिसरी गोष्ट जाडीची. ताशी १०० घनमीटर कच्च्या वायूतून ४० घनमीटर कार्बन डायऑक्साइड काढायचा आहे आणि दाबातला सरासरी फरक १.५ बार धरला, तर तुमच्या ५० मायक्रॉनच्या, ७ बॅररच्या पटलाचे क्षेत्रफळ सुमारे ७०,००० चौरस मीटर लागेल. म्हणजे सतरा एकर! तेवढ्यात आमचा एखादा सभासद ऊस लावील. तोच पदार्थ ०.१ मायक्रॉनच्या पातळ त्वचेत (तंतूच्या वायू वेगळे करणाऱ्या थरात) बसवता आला, तर १४० चौरस मीटर पुरतील आणि तेवढे पोकळ तंतू कवेत मावेल अशा नळीत बसतात. तेव्हा ब्लेंडपासून सलग त्वचेचा तंतू ओढता येतो का, हा आमच्या दृष्टीने निवडकतेपेक्षा आधीचा प्रश्न आहे.

आमच्याकडे एकदा तेलगाळणीचा निचरा तुंबला आणि दोन पाळ्यांत ते कोणाच्या लक्षात आले नाही. पहिल्या टप्प्याच्या नळ्यांतून जाणारा प्रवाह हळूहळू घटत गेला. उघडून पाहिले तर तंतूंच्या तोंडाशी तपकिरी चिकट थर होता. त्या नळ्या पुन्हा पूर्वीसारख्या झाल्याच नाहीत. चूक आमचीच होती. पण तुमच्या चाचण्यांत तेलाच्या वाफेचा आणि ओल्या वायूचा एखादा प्रयोग असावा, असे मनापासून सुचवतो.

---

पातळ_थर यांचे प्रत्युत्तर

दोघांचेही आभार. उशिरा लिहिते आहे, कारण आधी तपासून मगच लिहायचे ठरवले होते.

संशय खरा निघाला. टीजीएमध्ये १५० ते २५० अंशांदरम्यान वजनात ३.८ टक्के घट दिसली. डीएससीच्या दुसऱ्या तापवण्यात काचसंक्रमण २३८ अंशांवर गेले आणि पायरी एकच राहिली. मग पटले आधी पाण्यात आणि नंतर मिथेनॉलमध्ये भिजवून, निर्वात भट्टीत टप्प्याटप्प्याने २०० अंशांपर्यंत नेली. नव्या पटलाची पारगम्यता ७.० बॅरर भरली. मिथेनसाठी मी पूर्वी दोन तासच थांबत होते. आता सात तास थांबल्यावर निवडकता २७ वरून २५ वर आली. थोडे वाईट वाटले, पण हा आकडा खरा आहे.

तंतूंच्या बाबतीत एक अडचण विचारते. एनएमपीतले द्रावण पाण्यात सोडले की दोन्ही पॉलिमर एकाच वेळी घट्ट होतील, की एक आधी होऊन त्वचेतच विभाजन होईल? आणि गाळप हंगाम यांच्या म्हणण्याप्रमाणे बायोगॅसला माझ्या ब्लेंडचा मुख्य गुण उपयोगी पडत नसेल, तर पीबॅक्ससारख्या रबरी पॉलिमरकडे वळावे का?

---

जुनी_काचपट्टी यांचे उत्तर

पीबॅक्सकडे वळण्याचे कारण दिसत नाही. पीबॅक्स १६५७ मध्ये कमी रेणुभाराचे पॉलिएथिलीन ग्लायकॉल मिसळल्यास कार्बन डायऑक्साइडची पारगम्यता दुपटीपर्यंत वाढते हे खरे आहे आणि तो ब्लेंड करायलाही सोपा आहे. परंतु त्याची मिथेनविरुद्धची निवडकता १५ ते २० च्या घरात राहते. ज्या टप्प्याटप्प्याच्या हिशेबाची वर चर्चा झाली, त्यात हा आकडा जड जाईल.

बायोगॅसमध्ये प्लास्टिसायझेशनची काळजी नको, या मताशी मी निम्माच सहमत आहे. १२-१५ बारचे ते वळण जाड पटलाचे आहे. ०.१ मायक्रॉनच्या त्वचेत हाच पदार्थ बऱ्याच कमी दाबाला सैलावू लागतो आणि शिवाय कालपरत्वे आकसून म्हाताराही लवकर होतो. पातळ त्वचेचे वर्तन जाड पटलावरून ठरवणे धोक्याचे आहे, एवढेच म्हणतो.

पाण्यात घट्ट होताना दोन्ही पॉलिमरांची शर्यत लागते ही तुमची शंका योग्य आहे. पाणी आत शिरण्याचा आणि एनएमपी बाहेर पडण्याचा वेग इतका असतो, की पुष्कळदा साखळ्यांना वेगळे व्हायला सवडच मिळत नाही. तरीही गृहीत धरू नका. आधी दोन्ही पॉलिमरांच्या द्रावणात थेंबाथेंबाने पाणी घालून कोणाचे द्रावण आधी गढूळ होते ते साध्या बाटलीत पाहून घ्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि तंतू ओढण्याच्या यंत्रावर महिना वाया जाण्यापेक्षा बरे.

आता समितीपुढे जाण्याआधी एकच प्रयोग करा. निम्मा कार्बन डायऑक्साइड आणि निम्मा मिथेन अशा मिश्रणाखाली, निव्वळ मॅट्रिमिड आणि ब्लेंड यांची निवडकता ५ बारपासून ४० बारपर्यंत, प्रत्येक दाबावर ठरावीक तास थांबून मोजा. कमी दाबाला मॅट्रिमिड पुढे असेलच. दोन आलेख कुठे एकमेकांना छेदतात, किंवा छेदतच नाहीत, हे सरांच्या प्रश्नाचे उत्तर असेल. आणि दाब चढवत नेलेला तुकडा पुन्हा खालच्या दाबाला वापरू नका. एकदा कार्बन डायऑक्साइडने फुगवलेले काचस्थितीतले पटल ती आठवण बरेच दिवस बाळगते.

---

पातळ_थर यांचे प्रत्युत्तर

बाटलीतला प्रयोग आजच केला. मॅट्रिमिडचे द्रावण आधी गढूळ झाले की पॉलिसल्फोनचे, हे डोळ्यांनी ठरवताना दोनदा मतभेद झाला, म्हणून प्रयोगशाळेतील मैत्रिणीने बाटलीमागे छापील कागद धरून अक्षरे केव्हा दिसेनाशी होतात ते पाहिले. तिन्ही वेळा पॉलिसल्फोनचेच द्रावण कमी पाण्यात गढूळ झाले. मिश्र वायूच्या चाचणीसाठी एकाच थरातून सहा तुकडे कापून ठेवले आहेत. सिलिंडर आला की आलेख इथेच टाकते.